घरातल्या जुन्या पेढीच्या मोडी वह्यांवरून साताऱ्याचा आर्थिक इतिहास लिहिता येईल का?

येईल, पण आकडे उतरवायची घाई नको. आधी रोजकीर्द आणि खतावणी वेगळ्या करा. रोजकिर्दीत व्यवहार दिवसाच्या क्रमाने असतो, खतावणीत तोच असामीवार, म्हणजे माणसागणिक. दोन्ही मिळाल्या तर एकीवरून दुसरी ताडता येते. नुसती खतावणी असली तर कुळांची येणी कळतात, बाजाराची चाल कळत नाही.

मग वहीतलं साल इसवी सनात आणा. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. शकात 78 मिळवतात, पौषापासून पुढे 79. फसलीत, म्हणजे महसुली सालात, 590. मराठी दप्तरांत चालणारा सुहूर सन अरबी आकडेशब्दांत लिहिलेला असतो: ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे 1171, त्यात 599 मिळवून 1770-71. फसली आणि सुहूर दोन्ही मृग नक्षत्राला, म्हणजे साधारण जूनच्या सुरुवातीला, बदलतात. म्हणून जूननंतरच्या नोंदीला आणखी एक मिळवायचा नसून, उलट जानेवारी ते मेच्या नोंदीला मिळवायचा असतो. शके धरून सुहूर वाचला तर पाच शतकांची चूक होते, आणि तरी बेरीज बिनचूक दिसते!

धान्याचा मण बहुधा मापी, म्हणजे मापाने मोजलेला, 12 पायल्यांचा. गूळ-हळदीचा वजनी, 40 शेरांचा. खंडी दोन्हींत 20 मणांची, त्यामुळे नुसतं ‘खंडी’ वाचून दर काढू नका.

रुपयाच्या पुढे चांदवडी, अंकुशी असं नाण्याच्या प्रकाराचं नाव आहे का पाहा. नाण्यागणिक बट्टा, म्हणजे नाणं बदलताना कापली जाणारी रक्कम, वेगळा, तो न वजा करता काढलेली ‘महागाई’ खोटी ठरते.

गावचा सारा (जमीनमहसूल) ताडायला पुणे पुरालेखागारात सातारा भागाची दप्तरं आहेत. वह्यांना लॅमिनेशन मात्र करू नका.