व्हेंचर फंडाला शब्द देण्यापूर्वी

प्रश्न : माझे वय 52 आहे आणि साठाव्या वर्षी काम थांबवण्याचा विचार आहे. डोक्यावर कर्ज नाही. सुरुवातीच्या टप्प्यातील तंत्रज्ञान स्टार्टअपमध्ये पैसे गुंतवणाऱ्या एका व्हेंचर कॅपिटल संस्थेचा दुसरा फंड सुरू होत आहे. तिचा एक भागीदार माझा जुना मित्र असून पहिला फंड सहा वर्षांत 2.6 पट झाल्याचे तो सांगतो. राहते घर वगळता माझी जी गुंतवणूक आहे, तिच्या 20 टक्के रक्कम या फंडात घालावी का? मुलीचे उच्च शिक्षण चार वर्षांनी सुरू होईल.

उत्तर : 20 टक्के घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. काही अटी पूर्ण होत असतील तर 5 टक्क्यांपर्यंत जाण्यास माझी हरकत नाही. पैसे बुडण्याची भीती हे त्याचे मुख्य कारण नाही, कारण त्या शक्यतेची कल्पना आपल्याला असावी असे पत्रावरून दिसते. ज्या काळात आपल्याला पैसे लागणार आहेत, नेमक्या त्याच काळात हा फंड आपल्याकडे पैसे मागणार आहे, आणि ही अडचण फंड उत्तम निघाला तरी कायम राहते.

आपण रक्कम 'घालण्याविषयी' लिहिले आहे, पण अशा फंडात एकरकमी पैसे घातले जात नाहीत. करारावर सही करून आपण ठराविक रकमेचा शब्द देता, ज्याला कमिटमेंट म्हणतात. त्यानंतर साधारणपणे पहिली तीन ते पाच वर्षे, गुंतवणुकीची संधी मिळेल तशी, फंड त्यातील हप्ता मागवतो आणि तो भरण्यासाठी बहुधा दहा-पंधरा दिवसांचीच मुदत असते. फंडाचे आयुष्य सहसा दहा वर्षांचे असते व ते एक-दोन वर्षांनी वाढवण्याची तरतूद करारात असते, म्हणजे शेवटचा हिशेब होईपर्यंत आपण 64 वर्षांचे झालेले असाल. मुलीच्या शिक्षणाचे पहिले शुल्क चौथ्या वर्षी भरायचे आहे आणि फंडाचे हप्तेही तेव्हा चालूच असतील. हप्ता चुकला तर बहुतेक करारांत दंड कडक असतो : थकीत रकमेवर व्याज लागते आणि तरीही भरणा झाला नाही, तर आधी भरलेल्या रकमेवरील हिस्सा अंशतः जप्त करण्याचा किंवा तो इतर गुंतवणूकदारांना स्वस्तात देऊन टाकण्याचा अधिकार फंडाला असतो. हे टाळायचे तर न मागवलेली रक्कम सहज मोडता येईल अशा, म्हणजेच कमी परताव्याच्या ठिकाणी ठेवावी लागते. फंड आपला वार्षिक परतावा मोजतो तो हप्ता हाती आल्यापासून. तोवर आपल्याकडे पडून राहिलेल्या पैशाचे नुकसान त्याच्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

आता खर्चाकडे पाहू. आपली कमिटमेंट 100 धरा. व्यवस्थापन शुल्क वर्षाला 2 टक्के आणि नफ्यात व्यवस्थापकाचा वाटा 20 टक्के, ही या व्यवसायातील रूढ रचना आहे. शुल्क उत्तरार्धात कमी होते असे मानले, तरी संपूर्ण काळात 16 च्या आसपास शुल्कात जातात आणि प्रत्यक्ष स्टार्टअपमध्ये 84 पोहोचतात. आपल्या हाती 2.5 पट, म्हणजे 250 यावेत अशी अपेक्षा असेल, तर आपला 150 चा नफा हा एकूण नफ्याच्या 80 टक्के असला पाहिजे. एकूण नफा 187.5 आणि एकूण वसुली 287.5 व्हायला हवी. त्या 84 चे जवळजवळ 3.4 पट झाले, तरच आपले 2.5 पट होतात. हे पैसे सरासरी सात वर्षे अडकले असे धरले तर वार्षिक परतावा सुमारे 14 टक्के पडतो. नऊ वर्षे अडकले तर तो 11 टक्क्यांच्याही खाली येतो. शेअर बाजारातील साध्या इंडेक्स फंडाशी तुलना करताना यांपैकी दुसरा आकडा समोर ठेवावा, कारण या क्षेत्रात पैसे वेळेआधी परत येणे दुर्मीळ आणि उशिरा येणे नेहमीचे आहे.

हे 3.4 पट सर्व कंपन्यांनी मिळून सारखे आणायचे नसतात, एक-दोघींनी आणायचे असतात. व्यवस्थापकाने एखाद्या स्टार्टअपमध्ये 10 टक्के हिस्सा घेतला आणि पुढे भांडवल उभारणीच्या तीन फेऱ्यांत प्रत्येक वेळी नवे शेअर काढून कंपनीचा 20 टक्के हिस्सा नव्या गुंतवणूकदारांना देण्यात आला, तर तो हिस्सा 5.12 टक्क्यांवर येतो. एवढ्याशा हिश्श्यातून संपूर्ण फंडाइतकी रक्कम एकदा परत यायची, तर त्या एका कंपनीचे मूल्य फंडाच्या आकाराच्या सुमारे वीसपट व्हावे लागते. आधुनिक व्हेंचर कॅपिटलचा आरंभ मानल्या जाणाऱ्या, 1946 साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचेही असेच झाले होते. 1957 साली डिजिटल इक्विपमेंट या एकाच कंपनीत घातलेल्या 70,000 डॉलरनी तिच्या नफ्याचा फार मोठा भाग कमावला. जो फंड अशा कंपनीला मुकतो, तो सामान्य ठरतो. अमेरिकेतील कॉफमन फाउंडेशनने स्वतः पैसे घातलेल्या सुमारे शंभर व्हेंचर फंडांचा वीस वर्षांचा हिशेब 2012 साली मांडला, तेव्हा खर्च वजा जाता त्यांतील 62 फंड शेअर बाजाराहून अधिक काही देऊ शकले नव्हते. फंड निवडण्यासाठी स्वतंत्र माणसे नेमणाऱ्या संस्थेचा हा अनुभव आहे. आपण तर एकच फंड घेणार आहात, आणि तोही ओळखीतून आलेला.

पहिल्या फंडाच्या 2.6 पटीविषयी मित्राला एकच प्रश्न विचारावा : त्यांपैकी रोख किती परत मिळाले? या आकड्याला डीपीआय म्हणतात आणि आपल्याला सांगितलेला आकडा बहुधा टीव्हीपीआय असावा, ज्यात कागदावरचे मूल्यही धरलेले असते. सहाव्या वर्षी डीपीआय शून्याजवळ असणे गैर नाही. परंतु मग 2.6 ही कमाई नसून अंदाज आहे, हे लक्षात ठेवावे. हा अंदाज बहुतेक वेळा शेवटच्या फेरीच्या भावावर उभा असतो. त्या फेरीत आलेल्या गुंतवणूकदाराने कंपनी विकली गेल्यास आपले पैसे सर्वांआधी मिळावेत असा हक्क लिहून घेतलेला असतो, आणि त्या हक्काच्या शेअरचा भाव तसा हक्क नसलेल्या किंवा रांगेत मागे असलेल्या शेअरलाही सरसकट लावला जातो. कंपनी कमी भावात विकली गेली की हा फरक उघडा पडतो.

मित्राच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र फंडासाठी पैसे उभे करणे हे भागीदाराचे काम असते आणि त्याची आपल्याला केलेली विचारणा त्या कामाचाच भाग आहे, एवढे भान असावे. भागीदारांनी स्वतःच्या खिशातून किती घातले आहेत आणि ती रक्कम रोख आहे की शुल्कमाफीच्या स्वरूपात, म्हणजे स्वतःला मिळणारे व्यवस्थापन शुल्क सोडून तेच गुंतवणूक म्हणून धरलेले, हे अवघडून न जाता विचारावे. जुन्या मैत्रीत हा प्रश्न खुपत असेल, तर बारा वर्षांचा आर्थिक व्यवहार त्या मैत्रीला त्याहून अधिक जड जाईल.

माझी सूचना अशी आहे. मुलीच्या शिक्षणाची संपूर्ण रक्कम आणि साठीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांचा घरखर्च आधी बाजूला काढावा, आणि हे दोन्ही हिशेब फंडाकडून एकही पैसा परत येणार नाही असे धरूनच करावेत. त्यानंतर कमिटमेंट जास्तीत जास्त 5 टक्क्यांची करावी आणि उरलेले 15 टक्के आहेत तेथेच राहू द्यावेत. फंडाची किमान रक्कम याहून मोठी असेल, तर हा फंड सोडून द्यावा. किमान रकमेला गाठण्यासाठी कर्ज काढू नये किंवा नातेवाइकांना सोबत घेऊ नये. सही करण्यापूर्वी करारातील हप्ता चुकण्याविषयीचे, मुदतवाढीचे आणि हिस्सा दुसऱ्याला विकण्याच्या परवानगीचे अशी तीन कलमे स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यावीत. मुदतवाढ केवळ व्यवस्थापकाच्या मर्जीवर असेल आणि त्या वर्षांतही पूर्ण शुल्क चालू राहणार असेल, तर 5 टक्क्यांसाठीही मी होकार देणार नाही.