वाचकांचे प्रश्न : कॅपिटल अक्षरे करताना दुसरा शब्द कुठे जातो?

प्रश्न : दहावीपर्यंत माझे शिक्षण खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात झाले, सध्या मी बेळगावात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. स्मॉल अक्षरे कॅपिटल करणारे फंक्शन मी सी भाषेत लिहिले. अक्षर स्मॉल ए ते झेडच्या दरम्यान असेल, तर त्यातून 32 वजा करायचे; अट मात्र गणितात लिहितो तशी एकाच ओळीत, मध्ये अक्षर आणि दोन्ही बाजूंना <= अशी लिहिली. रोमन लिपीत ‘बेळगाव खानापूर’ दिल्यावर पहिल्या कॅपिटल बीच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह येते, बेळगावची बाकीची अक्षरे कॅपिटल होतात आणि खानापूर छापलेच जात नाही. पुढे यादीत मराठी व कन्नड नावेही येतील. तीही बिघडतील का?

उत्तर : काय दिले आणि काय आले, हे तुम्ही नेमके लिहिले आहे, त्यामुळे दोष लगेच सापडतो. 32 हा आकडा बरोबर आहे, कारण अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की सारणीत कॅपिटल ए 65 वर आणि स्मॉल ए 97 वर आहे. दोष अटीत आहे. सी भाषा ती डावीकडून सोडवते. पहिल्या तुलनेचे उत्तर 0 किंवा 1 येते आणि मग तुमच्या अक्षराची नव्हे, तर या उत्तराची तुलना झेडच्या 122 शी होते. ती नेहमीच खरी ठरते, म्हणून प्रत्येक चिन्हातून 32 वजा होतात. बीचे 66 होते, त्याचे 34 झाले, आणि 34 हे दुहेरी अवतरणचिन्ह आहे. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा क्रमांक 32, त्याचा शून्य झाला. आणि सी भाषेत शून्य म्हणजे स्ट्रिंगचा (अक्षरांच्या ओळीचा) शेवट. खानापूरची अक्षरे मेमरीत आहेत, पण छपाई त्या शून्यापाशी थांबते.

दोन्ही तुलना स्वतंत्र लिहून && ने जोडा. जीसीसी या सी कंपायलरला ‘वॉल’ (-Wall) हा पर्याय दिला असता, तर त्याने याच ओळीवर इशारा दिला असता. तो पर्याय रोज वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

अट सुधारल्यावर यूटीएफ-8 (सर्व लिपींची अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मधील मराठी-कन्नड नावांना धक्का लागणार नाही, कारण त्या अक्षरांचा प्रत्येक बाइट 128 किंवा त्याहून मोठा असतो. मात्र पुढे सी भाषेतले कॅपिटल करणारे तयार फंक्शन ‘टूअपर’ वापरलेत, तर प्रत्येक बाइट आधी ‘अनसाइन्ड कॅर’ या ऋण किंमत नसलेल्या प्रकारात बदलून द्या, कारण अनेक संगणकांवर साधा ‘कॅर’ हे बाइट ऋण धरतो आणि अशा ऋण किमतीवर ‘टूअपर’ काय करील, याची हमी सी भाषा देत नाही.