काटा 60 वर, गाडी 66 वर: दोष टायरचा की मीटरचा?

प्रश्न: 1996 चा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याचा कॅम्पर करून घेतला आहे. आत दोन बंक, छोटा ओटा आणि 100 लिटरची पाण्याची टाकी आहे. गाडीवरचे 205/70 आर 15 टायर झिजले होते, म्हणून 215/75 आर 15 घातले. आता बायपासवर काटा 60 ला असतो तेव्हा मोबाइलचा जीपीएस 66 दाखवतो. ओडोमीटरही 100 किलोमीटरला 95 च पुढे सरकतो. मेकॅनिक म्हणतो, सगळा दोष टायरचा आहे, मीटरला हात लावू नका. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: निम्मं बरोबर आहे. ओडोमीटरचा आकडा कळवलात हे फार चांगलं केलंत, कारण निदान त्यावरच होतं.

आधी टायरचा हिशेब पाहू. 205 चे 70 टक्के म्हणजे 143.5 मिलिमीटर, ही टायरच्या भिंतीची उंची. ती दुप्पट करून त्यात 15 इंची रिमचे 381 मिळवले की व्यास 668 मिलिमीटर येतो. 215/75 चा असाच हिशेब केला तर 703.5 येतो, म्हणजे 5.3 टक्के जास्त. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी आता तेवढी जास्त पुढे जाते, पण गिअरबॉक्सवरची केबल पूर्वीइतकीच फिरते. 100 किलोमीटरला 95 दिसण्याचं कारण एवढंच.

काट्याचं गणित मात्र यात बसत नाही. ओडोमीटरची चाकं केबलला दातांनी जोडलेली असतात. केबल जितकी फिरेल तितके आकडे सरकणारच. काट्याला असा जोड नसतो. केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते, आणि चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होऊन ती त्याच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबेल तिथे काटा उभा राहतो. म्हणून टायर किंवा गरारी (केबल फिरवणारं दातेरी चाक) चुकली तर वेग आणि किलोमीटर दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकतात. चुंबक, स्प्रिंग किंवा काटा बिघडला तर किलोमीटर बरोबर राहतात आणि वेग तेवढा चुकतो.

तुमची गाडी 66 ने धावते तेव्हा केबल 62.7 च्या वेगाने फिरते आहे. निरोगी मीटरने तिथे साधारण 63 दाखवायला हवं होतं, तुमचा 60 दाखवतो. म्हणजे जवळपास 3 किलोमीटर टायरचे आणि उरलेले 3 मीटरचे. मीटर कमी दाखवू लागण्याची नेहमीची कारणं तीन: इतक्या वर्षांत चुंबक क्षीण होणं, काटा दांडीवर सरकणं, किंवा दांडीच्या टोकाशी वंगण सुकून चिकट होणं. तिसरं कारण घरीच तपासता येतं. सपाट रस्त्यावर एकदा 50 वरून वेग वाढवत आणि एकदा 70 वरून कमी करत जीपीएसच्या 60 ला या, आणि दोन्ही वेळा काटा कुठे आहे ते शेजारी बसलेल्याला टिपायला सांगा. दोन जागा वेगळ्या आल्या तर दांडी चिकटते आहे. जीपीएस थोडा उशिराने बदलतो, म्हणून वेग निदान 20-30 सेकंद स्थिर ठेवा.

मोबाइलवर भरवसा नसेल तर किलोमीटरचे दगड आणि स्टॉपवॉच वापरा. 3600 ला सेकंदांनी भागलं की वेग मिळतो: एका किलोमीटरला 60 सेकंद लागले तर 60, 54.5 लागले तर 66. नवं वळण झालेल्या ठिकाणी दगडांमधलं अंतर चुकीचं असू शकतं, तेव्हा सलग तीन-चार दगडांची सरासरी धरा.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी केबलचा वेग दुरुस्त करायचा, मग मीटर. केबल मीटरच्या मागून सोडा, आतल्या तारेच्या टोकाला कागदी झेंडी चिकटवा, सरळ 50 मीटर अंतर मोजा आणि गाडी हळू ढकलत झेंडीचे फेरे मोजा. फेऱ्यांना 20 ने गुणलं की किलोमीटरमागचे फेरे मिळतात. बऱ्याच डायलवर हा आकडा बारीक छापलेला असतो. समजा तिथे 637 आहे आणि तुम्ही सव्वातीस फेरे मोजलेत: 605, बरोबर 5 टक्के कमी. आता गिअरबॉक्सवरची केबलची छोटी गरारी काढून दात मोजा. 20 दाती असेल तर तिच्या जागी 19 दाती बसवल्याने केबल 5.3 टक्के जास्त फिरते. छोटी ग्वालटोलीत सुट्या भागांच्या दुकानात जाताना जुनी गरारी हातात घेऊन जा; दातांचा तिरकसपणा आणि दांडीची जाडी जुळली पाहिजे. तशी गरारी मिळाली नाही तर केबलमध्ये बसणारी, तिचे फेरे ठरावीक प्रमाणात बदलणारी गुणोत्तर-पेटी करून घ्यावी लागते.

त्यानंतर मीटर अशा कारागिराकडे द्या ज्याच्याकडे ठरावीक वेगाने केबल फिरवणारं यंत्र आणि चुंबक भारायची सोय आहे. नुसता काटा उपटून पुढे बसवून देणारा टाळा: 60 ला बरोबर आलेला काटा 30 आणि 90 ला चुकेल. घरी चिमट्याने स्प्रिंग वाकवू नका.

हे काम टाळू नका. नव्या गाड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 39 सांगतो की मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर खऱ्याच्या 10 टक्के अधिक 4 किलोमीटरपर्यंत चालतो. खऱ्या 60 ला 70 चालेल, 59 नाही. तुमचा मीटर धोक्याच्या बाजूला चुकतो आहे, आणि भरल्या टाकीचा कॅम्पर भेरूघाट उतरत असताना ते फार महाग पडू शकतं. शिवाय ओडोमीटरच्या 10,000 ला ऑइल बदलत असाल तर गाडी खरं तर 10,500 च्या वर चाललेली असते.

प्रश्न: माझ्या जुन्या व्हॅनचा काटा 30 ते 50 मध्ये थरथरतो आणि थंडीत सकाळी मीटरमधून किरकिर येते. मीटर बदलू का?
— एक वाचक, महू

उत्तर: आधी केबल पाहा. आतली तार कुठेतरी अडकते, पिळली जाते आणि सुटली की झटक्याने फिरते. तेच काट्यावर दिसतं. मीटरकडून तार ओढून काढा, रॉकेलने पुसा आणि सपाट टेबलावर लोळवा. एका जागी उडी मारत असेल तर ती मुरगळली आहे, बदलावीच लागेल. टोकांचे चौकोनी कोपरे गोल झाले असले तरी बदला.

तार सरळ असेल तर लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या, पण मीटरकडची 15-20 सेंटीमीटर कोरडी ठेवा, नाहीतर ग्रीस चढून वाटीपर्यंत पोहोचतं. इंजिन ऑइल घालू नका. बसवताना केबलला तीव्र वळण नको.

तार काढल्यावर ती गिअर ऑइलने ओली निघाली तर गरारीजवळचं ऑइल सील गेलं आहे. ते आधी बदला. ऑइल मीटरमध्ये शिरलं की वाटी चुंबकाला चिकटून फिरू पाहते, काटा जास्त दाखवतो आणि गाडी थांबली तरी शून्यावर येत नाही.

प्रश्न: दुसऱ्या गाडीचा मीटर बसवला तर चालेल का?
— एक वाचक, देवास

उत्तर: डायलवरचा फेऱ्यांचा आकडा तोच असेल तर चालेल. बदलाच्या दिवशी जुन्या आणि नव्या मीटरचे किलोमीटर तारखेसह लिहून फोटो काढून ठेवा, आणि गाडी विकताना तो कागद घेणाऱ्याला द्या.