भाषाविज्ञानाची पदवी आणि घरावरचे कर्ज

“मॅडम, भाषाविज्ञान शिकून पोट भरतं का, एवढंच सांगा,” असे म्हणत सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांनी बँकेचे मंजुरीपत्र माझ्या टेबलावर ठेवले. शेजारी त्यांची मुलगी बसली होती. तिने पुण्यात इंग्रजी विषय घेऊन बी. ए. पूर्ण केले होते आणि इंग्लंडमधील एका विद्यापीठात भाषाविज्ञानाच्या एक वर्षाच्या एम. ए.ला तिला प्रवेश मिळाला होता. कर्ज २० लाखांचे, व्याजदर ११ टक्के, फेडीची मुदत दहा वर्षे आणि तारण म्हणून राहते घर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

हा प्रश्न सल्ल्यासाठी माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या रूपात येतो. सरांनी विषयाबद्दल विचारले होते, पण त्यांची झोप उडवली होती ती घराच्या कागदपत्रांनी. विषयाची किंमत आणि कर्जाची किंमत हे दोन हिशेब वेगळे केल्याशिवाय बाप-लेकीचे बोलणे पुढे सरकणार नाही, हे पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आले. कारण ती विषयाची बाजू मांडत होती, ते कर्जाबद्दल बोलत होते आणि आपण एकाच गोष्टीवर भांडत आहोत असे दोघांनाही वाटत होते.

म्हणून आधी कर्ज घेतले. अभ्यासक्रमाचे एक वर्ष आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही, हे दोघांना ठाऊक होते. मात्र त्या काळात व्याज थांबत नाही, हे कोणी नीट सांगितलेले नव्हते. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली असे धरले, तर दोन वर्षांचे सरळ व्याज ४ लाख ४० हजार होते आणि ते मुद्दलात मिळवल्यावर दहा वर्षांचा मासिक हप्ता साधारण ३३,६०० रुपये येतो. म्हणजे २० लाखांसाठी ४० लाखांहून थोडे अधिक फेडायचे. हा आकडा मी तिलाच कॅल्क्युलेटरवर काढायला लावला. मी काढून दिला असता, तर तो माझा झाला असता.

प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाने व्याजावर आयकरात वजावट मिळते असे आवर्जून सांगितले होते. ती वजावट खरी आहे, पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि मुळात कर लागण्याइतके उत्पन्न असेल तरच तिचा उपयोग. महिना ३५ हजार कमावणाऱ्याला नव्या प्रणालीत तसाही कर भरावा लागत नाही.

मग कमाईचा प्रश्न. तिच्या डोळ्यांसमोर पौंडातला पगार होता. परंतु शिक्षणानंतर मिळणाऱ्या मर्यादित मुदतीपलीकडे तिथे टिकायचे तर मालकाने व्हिसा पुरस्कृत करावा लागतो आणि त्यासाठीची सर्वसाधारण पगाराची अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे. नवख्यांना तीत सवलत असली, तरी नुसत्या भाषाविज्ञानाच्या एम. ए.वर तशी नोकरी पहिल्याच वर्षी मिळेल, असे धरून मी कोणाचे घर तारण ठेवू देणार नाही. परत आल्यावर काय मिळेल हे शोधण्याचे काम मी तिच्यावरच सोपवले: हा विषय शिकलेल्या निदान पाच जणांना फोन करायचा आणि आत्ताचा नव्हे, तर पहिल्या नोकरीतला पगार विचारायचा.

दहा दिवसांनी ती वही घेऊन आली. भाषांतर आणि स्थानिकीकरण, यंत्रांना भाषा शिकवण्यासाठी मजकुरावर खुणा करण्याचे काम, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणे अशी उत्तरे होती आणि पहिला पगार कोणाचाही ४० हजारांच्या पुढे नव्हता. एकीला नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली होती; तिचे २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. ३३,६०० चा हप्ता त्यातून वजा केल्यावर काय उरते, हे सांगायची गरज पडली नाही. वहीत आणखी एक नोंद होती, जी मला फार महत्त्वाची वाटली: ज्या दोघांचा पगार पुढे भराभर वाढला, त्या दोघांनाही पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत होती.

वाक्चिकित्सक (स्पीच थेरपिस्ट) होता येईल अशीही तिची समजूत होती. तसे होत नाही. त्यासाठी वेगळी पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, भाषाविज्ञानाची एम. ए. तिथे चालत नाही.

“म्हणजे विषयच सोडू का?” तिने विचारले. मी म्हटले, “विषयाबद्दल मी काहीच बोललेले नाही, तू मनाने जोडते आहेस.” ती शिकली त्या पुण्यातच डेक्कन कॉलेज आहे, जिथे १९३९ पासून भाषाविज्ञानाचे पदव्युत्तर काम चालत आले आहे, आणि तिने त्याच्या फाटकाच्या आत पाऊलही टाकलेले नव्हते! तिथले शुल्क सरांच्या बचतीतून भागण्यासारखे होते. शिवाय परदेशाची वाट त्यामुळे बंद होत नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत भाषाविज्ञानाच्या पीएच. डी.ला शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते, जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्कच नसते. पदरचे पैसे घालायचे ते मुख्यतः एम. ए.च्या टप्प्यावर, आणि नेमका तोच टप्पा तिला इथे स्वस्तात पार करता येत होता.

संगणक अभियांत्रिकी शिकलेला एक मुलगा याच सुमारास भाषा-तंत्रज्ञान शिकायला कर्ज काढून गेला आणि मी त्याला अडवले नाही. जी नोकरी सोडून तो जात होता, तिचाच पगार हप्त्याच्या तिप्पट होता.

सरांनी शेवटी एकच शंका काढली, “पण मॅडम, लोक म्हणतील, प्रवेश मिळूनही पाठवलं नाही.” यावर मुलीनेच उत्तर दिले, “बाबा, हप्ता लोक भरणार आहेत का?” मंजुरीपत्राची मुदत तशीच संपू दिली गेली. सध्या ती डेक्कन कॉलेजात एम. ए. करते आहे, संध्याकाळी प्रोग्रॅमिंगच्या वर्गाला जाते आणि सुट्टीत गावी गेली की वडिलांच्या माणदेशी बोलीचे ध्वनिमुद्रण करते. सर आता फोनवर मला विचारतात ते वेगळेच: त्यांच्या उच्चारातल्या ज्या गोष्टी मुलगी चुका म्हणून नव्हे, तर नोंदी म्हणून लिहून घेते, त्या नक्की कशासाठी?