पानं रंगतात कधी, निघायचं कधी?

गणपती गेले की कोल्हापुरात दिवाळीच्या सहलींची बोलणी सुरू होतात. आलेल्या प्रश्नांत काश्मीरच्या चिनार या झाडाचं नाव सगळ्यात जास्त आहे आणि बहुतेकांना हवी आहे एक पक्की तारीख. ती कुणीच देऊ शकत नाही. पण पानांचा रंग कशावर ठरतो हे कळलं, तर रजा आणि पैसे सत्कारणी लागतात.

मी राजारामपुरीत राहते, शाळेत शिकवते. मोठी सुट्टी फक्त दिवाळीत मिळते. दिवाळीत काश्मीरला गेलो तर लाल चिनार बघायला मिळतील का?

ताई, ते त्या वर्षी दिवाळी कधी येते यावर आहे. दिवाळी तिथीने येते, त्यामुळे ती ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पुढेमागे होते. चिनार मात्र सूर्याकडे बघून चालतो. दिवस लहान व्हायला लागले की त्याची तयारी सुरू होते आणि रात्रीच्या गारठ्यावर त्याचा वेग ठरतो. श्रीनगरमध्ये ऑक्टोबरच्या मध्याला पानांच्या कडा पिवळ्या पडू लागतात. साधारण 25 ऑक्टोबर ते 8-10 नोव्हेंबर हे दिवस ऐन रंगाचे. पिवळा, केशरी, गंजल्यासारखा लाल असे सगळे रंग एकाच झाडावर दिसतात. त्यानंतर पानं झपाट्याने गळतात.

आता पंचांग लावून बघा. 2027 मध्ये लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला आहे, म्हणजे सुट्टी आणि रंग दोन्ही जुळतात. 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला आहे. त्या वर्षी भाऊबीज आटोपून निघालात तर झाडाखालचा सडाच जास्त बघावा लागेल. तोही सुंदर असतो, पण तुम्ही विचारताय ते ते नव्हे. सुट्टी दोन-चार दिवस आधी लागत असेल तर लगेच निघा आणि फराळाचे डबे बरोबर घ्या. ते जमत नसेल तर त्या वर्षी दुसरीकडे जा, काश्मीर 2027 साठी ठेवा.

लवकर आणि उशिरा यांतलं एक निवडायची वेळ आली तर नेहमी लवकर जा. नोव्हेंबरमध्ये हवामान दगा देऊ शकतं. 2018 मध्ये 3 नोव्हेंबरला आणि 2019 मध्ये 7 नोव्हेंबरच्या सुमारास खोऱ्यात अवकाळी बर्फ पडला. पानांनी भरलेल्या फांद्यांना ते ओझं पेलत नाही. सफरचंदाच्या बागांची तेव्हा फार हानी झाली. चार दिवस लवकर पोचलात तर तोडगा निघतो. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर आहे, पहलगाम 2,100 मीटरच्याही वर. उंचावर थंडी आधी उतरते, त्यामुळे तिथले पॉप्लर आणि विलो आधीच पिवळे झालेले असतात. आधी वर जा, मग खाली या.

श्रीनगरमध्ये निशात आणि शालिमार या बागा तर बघालच, पण माझ्या मते चिनारांसाठी खरी जागा म्हणजे हजरतबलजवळचा नसीम बाग. तो काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे. मोगलांच्या काळात लावलेल्या चिनारांची राई तिथे आहे. सकाळी उन्हं तिरपी असताना जा आणि सूर्य पानांच्या पलीकडे येईल असं उभं राहा. पानांतून उजेड आला की रंग दुप्पट खुलतो. कडेला बायका पानांचे ढीग गोळा करताना दिसतील. ही पानं जाळून कोळसा करतात आणि तो हिवाळ्यात कांगडीत, म्हणजे ऊब घ्यायच्या छोट्या शेगडीत, घालतात. याच दिवसांत श्रीनगरजवळच्या पांपोरला केशराची शेतंही फुलतात. तिथेही पहाटेच जावं लागतं, कारण फुलं सकाळीच खुडतात.

रात्री पारा 3-5 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा नुसत्या स्वेटरवर भागणार नाही. निघण्यापूर्वी प्रशासनाच्या सूचना बघून घ्या.

इचलकरंजीहून लिहितोय. ऑक्टोबरअखेरच्या सहलीच्या कार्यक्रमात गुलमर्गला दोन रात्री आणि ट्युलिप गार्डन दाखवलंय. हे बरोबर आहे का?

नाही, दादा. ट्युलिप मार्चअखेर ते एप्रिल एवढेच दिवस फुलतात. ऑक्टोबरमध्ये तिथे ट्युलिपचं एकही फूल नसतं. गुलमर्ग देखणं आहे, पण तिथलं रान पाइन-फरचं, म्हणजे बारमाही हिरवं. रंग बदलणारी झाडं खाली खोऱ्यात आहेत. गुलमर्गची एक रात्र काढून ती श्रीनगरला जोडून द्या म्हणावं. देवदारांच्या भागात जाताना हिमाचलमध्येही हेच लक्षात ठेवा. तिथे रंग दिसतो तो नदीकाठच्या पॉप्लरचा आणि बागांचा.

मी गडहिंग्लजला बारावीत आहे. काही पानं पिवळी होतात, काही लाल. एकाच झाडावर दोन्ही रंग कसे?

पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. थंडी पडली, दिवस आखडले की झाड हरितद्रव्य मोडतं आणि पानातला नायट्रोजन परत घेतं. हिरवा उतरला की खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाचं वेगळं आहे. त्याचं द्रव्य, म्हणजे अँथोसायनिन, पान शेवटच्या दिवसांत नव्याने बनवतं. त्यासाठी साखर लागते आणि ऊन लागतं. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री थंडी, पण दहिवर गोठण्याइतकी नाही, असं हवामान मिळालं की लाल जोरात येतो. ढगाळ, पावसाळी शरदात पिवळा ठीक येतो, लाल मात्र मलूल.

हे तुला गावातच बघता येईल. हिवाळ्यात देशी बदामाची पानं लाल व्हायला लागली की एक पान हातात घे. शिरांच्या कडेने हिरवा रंग शेवटपर्यंत टिकलेला दिसेल. एका पानावर दुसरं पान टेकलेलं असेल तर वरचं उचलून बघ. झाकलेला भाग पिवळा राहिलेला असतो आणि ऊन लागलेला भाग लाल, कधीकधी वरच्या पानाची कड अगदी रेखून काढल्यासारखी.

मुलगा न्यू जर्सीत आहे. तो म्हणतो, "आई, ऑक्टोबरमध्ये या." नेमकं कधी जावं?

पहिल्या आठवड्यात पोचा आणि महिनाभर राहा. तिकडे रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरावरून खाली सरकतो. उत्तरेकडच्या व्हरमाँट राज्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा बहर, न्यू जर्सीत ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरची सुरुवात. म्हणजे आधी मुलाबरोबर उत्तरेला जाऊन यायचं आणि परत येईपर्यंत घरासमोरचे मेपल तयार असतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी तिकडे सुट्टी असते, ते दोन-तीन दिवस रस्ते आणि हॉटेलं भरलेली असतात, ते टाळा. हंगामात तिथली राज्यं कुठे किती रंग आला याचा दर आठवड्याला अहवाल देतात. मुलाला तो बघायला सांगा, महिनाभर आधी कुणी सांगितलेल्या तारखेपेक्षा तो खरा.

उद्यमनगरात माझा कारखाना आहे. कामासाठी नोव्हेंबरअखेर ओसाकाला जायचंय. तेव्हा काही दिसेल का?

तुमची वेळ उत्तम आहे. क्योटोचे मेपल नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत भरात असतात आणि ओसाकाहून जलद गाडीने क्योटो अर्ध्या तासावर आहे. एक सकाळ मोकळी ठेवा, तोफुकुजी मंदिर उघडतानाच तिथे पोचा. (उत्तर जपानमधल्या होक्काइदोच्या डोंगरांत हाच रंग सप्टेंबरमध्येच येऊन गेलेला असतो.)

एवढ्या लांब जाणं आम्हाला परवडत नाही. कोल्हापूरच्या जवळपास असं काही बघायला मिळेल का?

मिळेल, आणि हा प्रश्न आला याचा मला मनापासून आनंद झाला. फक्त तो दिवाळीत मिळणार नाही. आपल्याकडची झाडं थंडीने नव्हे, जमिनीतली ओल संपत आली की पानं टाकतात, त्यामुळे पानगळ जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्यातच नवी पालवी फुटते आणि आपला लाल रंग त्या कोवळ्या पालवीत असतो. लाल द्रव्य तेच, अँथोसायनिन. तिकडे ते पान जाताना येतं, इकडे येताना.

सगळ्यात देखणा कुसुंब, काही गावांत त्याला कोशिंब म्हणतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ते मार्चमध्ये अख्खं झाड लालभडक होतं, लांबून फुललंय असंच वाटतं. हा रंग फार तर आठ-पंधरा दिवस टिकतो, मग पान तपकिरी होत हिरवं होतं. त्याच सुमारास पिंपळाची तांबूस पालवी चमकते आणि पानं झडलेल्या पळस-पांगाऱ्यावर फुलं असतात. तेव्हा होळीच्या आसपासचे शनिवार-रविवार धरून ठेवा.

राधानगरी, दाजीपूर, आंबा घाट या बाजूचं बरंचसं रान सदाहरित किंवा निमसदाहरित आहे, म्हणून काश्मीरसारखा सलग रंग शोधू नका. हिरव्या उतारावर मधेच एखादा कुसुंब पेटलेला दिसतो. घाटरस्त्याच्या वळणांवर, समोरचा डोंगर उघडा दिसेल तिथे गाडी बाजूला घेऊन बघा. गुराख्यांना विचारा, कुठला कुसुंब कधी पालवतो हे त्यांना माहीत असतं. दिवाळीतच बाहेर पडायचं असेल तर पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जा, पाऊस सरल्यावर तिथलं गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं.

एक कळकळीची विनंती. फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि एका ठिणगीने वणवा लागतो. चूल मांडू नका, सोबत कुणी विडी-सिगारेट ओढणारं असेल तर त्याला आवरा. दाजीपूरच्या अभयारण्यात वनखात्याची परवानगी काढूनच आत जा आणि गवा दिसला तर गाडीतून उतरू नका.