'क्रिओल'ला मराठीत काय म्हणावं? (आणि 'आठवण' ही वस्तू की गोष्ट?)

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एका क्रिओल कुटुंबात मराठी सून आहे. सासरच्या जुन्या पेटीतल्या फोटोंची, कागदांची, जपमाळांची सूची मराठीतही करायचं घरात ठरलं आहे. 'क्रिओल'ला 'संकरित' किंवा 'मिश्रवंशीय' लिहिलं तर चालेल का? आणि 'कीपसेक' (आठवण म्हणून जपलेली वस्तू), 'एअरलूम' (पिढ्यांमागून पिढ्या घरात चालत आलेली वस्तू) यांना मराठी शब्द कोणते?

'संकरित' अजिबात नको. तो शब्द मराठीत गाईला आणि बियाण्याला लागतो, माणसाला लावला की शिवी होते. 'मिश्रवंशीय' सभ्य दिसतो, पण तोही चूक, कारण मूळ शब्दात मिसळण्याचा अर्थच नाही. पोर्तुगीजमध्ये 'क्रिआर' म्हणजे वाढवणं, पोसणं. त्यावरून 'क्रिओउलो', मग स्पॅनिश 'क्रिओयो' आणि फ्रेंच 'क्रेओल'. अर्थ एवढाच, की वसाहतीत जन्मलेला, तिथेच वाढलेला. अठराव्या शतकातल्या लुइझियानाच्या कागदांत फ्रेंच आईबापांच्या पोटी तिथे जन्मलेलं मूल क्रेओल असतं, आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या बाईच्या पोटी तिथे जन्मलेलं गुलाम मूलही क्रेओलच.

आजही न्यू ऑर्लीन्सच्या बाजारात 'क्रिओल टोमॅटो' मिळतात. ते कुठलं कलम नव्हे, तिथल्या मातीतले म्हणून क्रिओल. आपण गावठी कोंबडी, गावठी कोथिंबीर म्हणतो ना, तीच छटा. अर्थाने सगळ्यात जवळचा मराठी शब्द हाच आहे, पण 'गावठी माणूस' म्हटलं की त्यात हिणवणं येतं, म्हणून सूचीत तो वापरता येत नाही. तेव्हा 'क्रिओल' तसाच ठेवा आणि सूचीच्या पहिल्या पानावर एक ओळ घाला: 'क्रिओल : लुइझियानात जन्मलेल्या, फ्रेंच-स्पॅनिश अमदानीत मुळं असलेल्या घराण्यांतले; गोरे, काळे, मिश्र, सगळे.'

मात्र प्रत्येक नोंदीत या शब्दाशेजारी कागदाचं साल हवंच. १८०३ साली अमेरिकेने लुइझियाना विकत घेतल्यावर 'क्रिओल' म्हणजे नव्याने आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा वेगळे, जुने रहिवासी, असा अर्थ पुढे आला. नंतर गोऱ्या क्रिओलांपैकी अनेकांनी हा शब्द फक्त आपलाच असल्याचा हट्ट धरला. साल नसेल तर १७८० च्या नोंदीतला 'क्रेओल' वाचणारा आजच्या अर्थाने वाचतो आणि वंशावळ चुकते.

भाषेचं प्रकरण वेगळं. क्रिओल घर म्हणजे क्रिओल भाषा बोलणारं घर असं नाही. कुणाकडे फ्रेंच होती, कुणाकडे तिथली क्रिओल, जिला 'कुरी-विनी' म्हणतात. 'कुरी' म्हणजे जाणं, 'विनी' म्हणजे येणं. आपल्या रायगड जिल्ह्यात कोर्लईचे ख्रिस्ती लोक पोर्तुगीजवरून घडलेली बोली बोलतात आणि तिला आपली जीभ या अर्थाने 'नो लिंग' म्हणतात. वेगवेगळ्या भाषांच्या मिसळीतून घडलेली म्हणून अभ्यासक तिला क्रिओल म्हणतात. म्हणून भाषेचं नाव लिहिताना घरातली माणसं तिला काय म्हणत, ते आधी लिहावं आणि पंडितांचं नाव नंतर.

आता वस्तू. मराठीत गंमत अशी, की 'ही पाटली म्हणजे आजीची आठवण' असं आपण सहज म्हणतो. वस्तूही आठवण आणि मनातलं सांगणंही आठवण. बोलताना हे सुंदर आहे, सूचीत घोटाळा करतं. 'आजीची आठवण, क्रमांक १४' ही जपमाळ आहे की आजीने सांगितलेली हकिगत? म्हणून वस्तूला 'आठवणवस्तू' आणि तोंडी सांगितलेल्याला 'सांगीव आठवण' असे दोन शब्द घ्यावेत. 'ठेवा' गोड आहे, पण तो सबंध पेटीला शोभतो, एकेका जिनसेला नाही.

'एअरलूम'साठी 'वडिलोपार्जित' सुचेल. त्यात 'वडील' म्हणजे वाडवडील हे खरं, पण आजच्या कानाला बापच ऐकू येतो. क्रिओल घरांत पुष्कळ वस्तू आईकडून लेकीकडे आलेल्या असतात, तेव्हा 'पिढीजात' बरा. 'वारसा' तर जपूनच. लुइझियानाच्या जुन्या कायद्यात गोऱ्या बापाच्या विवाहबाह्य, गौरेतर मुलांच्या वारसाहक्कावर कडक बंधनं होती. त्यामुळे घर, जमीन, दागिने काही वेळा नोटरीसमोर देणगी म्हणून दिले जात. तसा कागद पेटीत असेल तर त्या वस्तूला 'वारशाने आलेली' लिहिणं कायद्याच्या दृष्टीने खोटं ठरतं. तिथे आपला 'बक्षीसपत्राने' हा शब्द नेमका बसतो.

त्याच कागदांत नावापुढे एच.सी.एल. किंवा एफ.सी.एल. अशी अक्षरं सापडतील. ती पदवी नव्हे. पहिलं 'ओम द कुलर लिब्र', म्हणजे स्वतंत्र गौरेतर पुरुष, दुसरं 'फाम द कुलर लिब्र', म्हणजे स्वतंत्र गौरेतर स्त्री. १८०८ च्या कायद्याने अशा व्यक्तीच्या नावापुढे ही खूण लिहिणं नोटरीला बंधनकारक झालं. इंग्रजी कागदांत एफ.एम.सी. (फ्री मॅन ऑफ कलर) आणि एफ.डब्ल्यू.सी. (फ्री वूमन ऑफ कलर) दिसतं. इथे भाषांतरात दोन खड्डे आहेत. 'ऑफ कलर'चं शब्दशः 'सवर्ण' केलंत तर मराठी वाचक थेट जातीकडे जाईल. आणि 'लिब्र'ला सरसकट 'मुक्त' म्हणू नका. मुक्त म्हणजे सोडवलेली. स्वतंत्र म्हणजे जन्मतः मोकळी असलेलीही. लुइझियानातल्या केन नदीकाठच्या क्रिओलांची मूळमाता मारी तेरेझ क्वँक्वँ १७७८ साली गुलामीतून सुटली, म्हणून ती मुक्त. त्यानंतर तिच्या पोटी जन्मलेली मुलं जन्मतः स्वतंत्र. आधीच्या मुलांपैकी अनेकजण पुढे वेगवेगळ्या कागदांनी सुटले. एकाच आईच्या मुलांना दोन शब्द लागतात, आणि एकच वापरला तर कुणाची तरी गुलामी किंवा कुणाचं तरी स्वातंत्र्य पुसलं जातं.

नावं लिहिताना तीन ओळी करा: मूळ कागदावरचं स्पेलिंग अक्षरशः, चुकीसकट, खाली देवनागरीत घरातला उच्चार, त्याखाली मराठी अर्थ किंवा नातं. नुसती देवनागरी घातक आहे, कारण फ्रेंचमध्ये शेवटची व्यंजनं बहुधा मुकी असतात. 'ओ'ने संपणारं आडनाव ई-ए-यू, ई-ए-यू-एक्स, ओ-टी असं कसंही लिहिलेलं असू शकतं, आणि स्पेलिंग हरवलं की चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत ते शोधता येत नाही. उलट नुसतं स्पेलिंगही पुरत नाही: अक्षरांवरून 'नॅचिटोचेस' वाटणाऱ्या गावाला तिथले लोक 'नॅकटिश' म्हणतात. फोटोमागे 'नेनेन' लिहिलेलं असेल तर ते नाव समजू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्या धर्ममातेला तिकडे तसं म्हणतात. मग 'कुणाची नेनेन' हे विचारून लिहायला हवं.

फोटोच्या पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो आणि शाई पाझरते. अलीकडच्या गुळगुळीत, प्लास्टिकचा थर असलेल्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही. तिथे आम्लरहित कागदाच्या पाकिटावर लिहावं, आणि ते फोटो आत घालण्याआधी. लोखंडी पत्र्यावरच्या जुन्या फोटोवर काहीही लिहू नये, ओरखडा पडला की तिथून गंज धरतो. स्कॅन निदान ६०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइलमध्ये. मागची बाजूही, कारण शब्दाचा पुरावा तिथेच असतो.

पाककृतींच्या चिठ्ठ्याही याच नियमाने. 'गंबो' (लुइझियानातला दाट रस्सा) हा शब्द भेंडीच्या आफ्रिकन नावावरून आला, म्हणून त्याला 'भेंडीचं सार' लिहावंसं वाटेल. पण फीले गंबोत भेंडी नसतेही. 'फीले' म्हणजे ससाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड. ती भांडं उतरवल्यावर घालतात. उकळत्यात पडली तर रस तार सुटेल इतका चिकट होतो. चिठ्ठीत 'शेवटी' एवढंच असेल तर भाषांतरात 'विस्तवावरून उतरवल्यावर' असं कंसात लिहा, आणि कंस तुमचा आहे हेही नोंदवा.