आजच्या समाजात वर्णद्वेष खरंच उरलाय का, की तो फक्त अमेरिका-युरोपचा प्रश्न आहे?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, "आपल्याकडं तर सगळेच सावळे, मग आपण वर्णद्वेषी कसे?" ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. हेच वाक्य आमच्या घरात गेली दहा-बारा वर्षं गाजतंय. बोलणारे आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते.

आधी सरळ उत्तर देतो. उरलाय. तिथंही आणि इथंही.

तिथलं सगळ्यांनी बघितलंय. 25 मे 2020 ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गोऱ्या पोलिसानं नऊ मिनिटांच्या वर गुडघा दाबून धरला, त्यात तो गेला, ते जगानं मोबाईलवर बघितलं. मी फुटबॉलवेडा माणूस, त्यामुळं मला मैदानावरचं जास्त लागतं. जुलै 2021 मध्ये युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. तिघंही काळे. रात्रीतच त्यांच्या खात्यांवर माकडांच्या चित्रांचा पाऊस पडला. मे 2023 मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानात रियल माद्रिदच्या व्हिनिशियस या काळ्या ब्राझिलियन खेळाडूला प्रेक्षक भर मॅचमध्ये माकड म्हणून ओरडले. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यातल्या तिघांना आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. स्पेनमध्ये मैदानावरच्या अशा शिवीगाळीबद्दल झालेली ती पहिलीच शिक्षा. म्हणजे तिकडं निदान कोर्टात उभं करून "हा गुन्हा आहे" एवढं तरी म्हणतात.

आता आमच्या पेठेतलं सांगतो.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना कुस्ती आणि तांबडा-पांढरा आठवतो. इथला फुटबॉल बाहेर फारसा कुणाला माहीत नाही. पेठापेठांतल्या तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, मॅचच्या दिवशी अर्धी पेठ दुकानं बंद करून मैदानात. ईर्षा एवढी की सख्ख्या मेव्हण्या-मेव्हण्यात हंगामभर बोलणं बंद. त्या ईर्षेपायी काही संघ आफ्रिकेतले खेळाडू आणायला लागले. आमच्याकडच्या एका संघानंही नायजेरियाचा एक फॉरवर्ड आणला. संघाचं नाव आणि त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पोरगा बावीस-तेवीसचा असेल. पहिल्याच मॅचला कॉर्नरवर उडी घेऊन असा हेडर मारला की समोरचा गोली जागेवरनं हललासुद्धा नाही. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, हलगी कडाडली, नाद खुळा! आणि त्याच आठवड्यात त्याला राहायला खोली मिळेना. लॉजचं भाडं संघाला परवडेना आणि पेठेत कुणी दार उघडेना. ज्यांनी खांद्यावर घेतलेलं, त्यांच्या घरातसुद्धा वरच्या खोल्या रिकाम्या होत्या. एकाचं लग्न निघालं, एकाकडं अचानक रंगकाम निघालं.

शेवटी संघाचा सेक्रेटरी आमच्या आबांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं आला. आबा उद्यमनगरात लेथवर काम करायचे, भाषणबाजीचा माणूस नव्हे. म्हणाले, "आण त्याला उद्या." एवढंच.

आमचं घर जुनं, मधे चौक, एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला अण्णा. जिना सामाईक, चौकातला नळ सामाईक. रात्री अण्णा आले. "आरं, ह्ये काय खातंय, काय पितंय, कुणाला म्हाईत? घरात पोरी हायत्या. ही भानगड घरात नको."

आता इथं लक्ष द्या, कारण माझा सगळा वाद इथं आहे. त्याच्या आधी त्याच खोलीत चंदीगडचा एक बँकेतला पोरगा दोन-अडीच वर्षं राहून गेला होता. तोही एकटा. त्याचीही भाषा आम्हाला येत नव्हती. त्याचंही खाणंपिणं वेगळं होतं, आणि शनिवारी रात्री तो काय पीत होता ते अण्णांना चांगलं माहीत होतं, कारण पत्ते खेळायला तेच वर जाऊन बसायचे. घरातल्या पोरी त्याच होत्या. तेव्हा भानगड नव्हती. फरक एवढाच की तो पोरगा गोरापान होता. "लई देखणं पोरगं," अण्णाच म्हणायचे.

आबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांकडं जाऊन सी-फॉर्म भरून आले. परदेशी माणूस घरात ठेवला की 24 तासांत तो भरायचा असा तेव्हाचा नियम. पोलिसांच्या नावानं घाबरवणाऱ्या बऱ्याच जणांना हेही माहीत नसतं की एवढा एक कागद भरला की काम झालं.

तो राहिला, हंगामभर राहिला. सकाळी मैदानावरनं आला की चौकातल्या नळाखाली उकिडवा बसून बुटांचे स्टड घासायचा. एक जुना टूथब्रश ठेवलेला त्यानं त्यासाठी. आपल्याकडची काळी माती स्टडच्या फटीत अशी बसते की ती काढायला अर्धा तास जातो. सगळं झालं की फरशीवर सांडलेला चिखल स्वतः झाडून घ्यायचा. आणि तो वर गेला की आमच्या काकू यायच्या, तांब्याभर पाणी नळावर ओतायच्या आणि मग आपली कळशी लावायच्या. न चुकता. चंदीगडवाला त्याच नळावर दाढी करायचा, तेव्हा कधी तांब्या ओतला नाही.

कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीवरही तेच. आम्हा सगळ्यांना काचेचा ग्लास, त्याला कागदी कप. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, "पार्सल हाय समजलो." रोज कसलं पार्सल? आबांनी तिथला चहा सोडला आणि आम्हा पोरांनाही सोडायला लावला. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर मात्र त्याला कधी कुणी वेगळं वागवलं नाही. म्हशीखालचं फेसाळ दूध इतरांना द्यायचे त्याच पेल्यात त्याला मिळायचं. तेही सांगायलाच पाहिजे, नाहीतर सगळं गाव एका माळेत ओवल्यासारखं होईल.

तो नळावरचा तांब्या माझ्या डोक्यातनं जात नाही, कारण हे गाव शाहू महाराजांचं. दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट इथल्या पोराठोरांना माहीत आहे. संस्थानच्या पागेत कामाला असताना मराठा नोकरांच्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, आणि गंगारामांना चहाचं हॉटेल काढून दिलं. लोक तिथं चहा प्यायला जाईनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. 26 जुलै 1902 चा, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांसाठी पन्नास टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम इथला. मार्च 1920 ची अस्पृश्यांची माणगाव परिषद इथली, जिथं महाराजांनी बाबासाहेबांना पुढं केलं. बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा ते हयात असताना, 1950 मध्ये बसला. हे सगळं अण्णांना तोंडपाठ आहे. शाहू जयंतीला ते मंडळात बोलतात, आणि चांगलं बोलतात.

म्हणून माझं ठाम मत झालंय, आणि कुणाला कडू लागलं तरी लिहितो. काळ्या माणसाशी कसं वागायचं हे आपल्याला इंग्रजांनी किंवा टीव्हीनं शिकवावं लागलं नाही. वेगळा ग्लास, नळावर ओतलेलं पाणी, "घरात पोरी आहेत", हे सगळं आपल्या हाताला शतकानुशतकं सरावाचं आहे. माणूस तेवढा नवा आला. 2001 मध्ये डर्बनला वर्णद्वेषाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, तेव्हा दलित संघटना म्हणत होत्या की जातीचा प्रश्न तिथं मांडा, आणि आपलं सरकार म्हणत होतं की जात म्हणजे वंश नव्हे. पुस्तकात दोन्ही वेगळे असतीलही. आमच्या चौकातल्या नळावर ते वेगळे नव्हते.

आणि "सगळेच सावळे" म्हणाल तर मग 2014 च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाला कशामुळं मार बसला? त्याच्या केसांवरनं, दिसण्यावरनं चिडवण्यातून भांडण पेटलं आणि पोरगा गेला. त्यानंतर केंद्रानं बेझबरुआ समिती नेमली आणि तिनं अशा शेरेबाजीसाठी कायद्यात स्वतंत्र कलमं घालायला सांगितली. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा ईशान्येकडच्याच पोरापोरींना रस्त्यात "कोरोना" म्हणून हाका मारल्या. वेस्ट इंडिजचा क्रिकेटपटू डॅरेन सॅमीनं त्याच वर्षी सांगितलं की आयपीएलमध्ये त्याला "कालू" म्हणायचे, आणि त्याचा अर्थ त्याला नंतर कळला. त्याच वर्षी गोरं करायच्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातनं "फेअर" निघालं. क्रीम दुकानात आहेच.

कायद्याचं विचाराल तर राज्यघटनेचं कलम 15 वंश, जात, जन्मस्थान यावरून भेदभावाला मनाई करतं. पण ते नागरिकांसाठी आहे, आणि मुख्यतः सरकारला बांधतं. दुकानं आणि हॉटेलंही त्यात येतात, पण एखाद्याची वरची खोली त्यात सरळ येत नाही. म्हणजे घरमालकानं रंग बघून दार लावलं तर बहुतेक वेळा त्याला कोण विचारणार?

आता अण्णांची गोष्ट पुरी करतो. त्या हंगामानंतर वर्षभरात आमच्या ताईसाठी, म्हणजे अण्णांच्या थोरलीसाठी, स्थळं बघायला सुरुवात झाली. ताई एमएस्सी, गणितात पहिली, बोलायला खणखणीत. रंगानं सावळी. सांगलीकडचं एक स्थळ आलं. पोहे झाले, पत्रिका जुळली, देण्याघेण्याचाही प्रश्न नव्हता. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला: "मुलगी चांगली आहे, पण रंग जरा दबका पडतो म्हणत्यात." त्या रात्री अण्णा चौकात येरझाऱ्या घालत होते. नळापाशी थांबले आणि आबांना म्हणाले, "माणसाचं कातडं बघून पोरीची किंमत करणारी ही कसली माणसं रं?"

मी तिथंच होतो. वय लहान होतं, तरीही म्हणालो, "अण्णा, आपण बी तेच केलं की त्या पोराबरोबर." त्यांनी मला हाकलून लावलं. आजही विषय काढला की म्हणतात, "त्ये येगळं हुतं." काय वेगळं होतं, ते मात्र सांगत नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या, त्या सांगून टाकतो. अनोळखी माणसाला खोली देताना कुणीही दहादा विचार करतो, आणि प्रत्येक नकार वर्णद्वेषातनंच येतो असं मी म्हणत नाही. एकट्या पोरांना, मांसाहारींना, मुसलमानांना खोली नाकारण्याची कारणं सगळी एकसारखी नाहीत, आणि त्यातल्या प्रत्येकावर वेगळं उत्तर लिहावं लागेल. शिवाय सावळ्या मुलीला आलेला नकार आणि अमेरिकेत काळ्या माणसाच्या मानेवरचा गुडघा यांची तीव्रता एक नाही. तिकडं गुलामगिरीचा इतिहास आहे आणि हातात बंदूक असलेला पोलीस आहे. काकू मनानं वाईट नाहीत. त्या पोराला ताप आला तेव्हा पेज त्यांनीच करून पाठवली. वेगळ्या भांड्यात पाठवली, पण पाठवली.

तुम्हाला माझं म्हणणं पटत नसेल तर तुमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर एवढंच विचारा: मोकळ्या फ्लॅटमध्ये नायजेरियाचा विद्यार्थी ठेवायचाय, कुणाची हरकत? मग पुढच्या आठवड्यात विचारा, फ्रान्सचा ठेवायचाय. दोन्ही वेळची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचा आणि मग मला सांगा, आपण सगळे सावळे आहोत म्हणून सुटलो का.

अण्णा, ताई हे उत्तर तुम्हाला वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. तुम्ही माझ्या बापाच्या जागी आहात आणि माझा राग तुमच्या नळावर आहे, तुमच्यावर नाही. त्या रात्री तुम्ही जे वाक्य बोललात ते शंभर टक्के खरं होतं. तेच वाक्य त्या पोराचं नाव घेऊन एकदा म्हणा. त्याच्यानंतर हा विषय मी परत कधीच काढणार नाही.